दोघं बसले तरी मीटिंग होते

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही डोंगर आला. मागाहून धान्य आलं, कंटेनरची घरं आली, मग पक्की घरं. पण रात्री डोळा लागत नाही, त्याचं काय करायचं? आधीपासून दारू घेणारा माणूस अशा वेळी जास्त घेऊ लागतो, हे जगभर दिसलेलं आहे. तळीयेला बोल लावायला मी हे लिहीत नाही. दरडीत कुणी गमावलेलं असो वा नसो, महाड-पोलादपूरच्या कुठल्याही वाडीत जो माणूस "आता सोडायला हवी" असं मनाशी म्हणतो आणि संध्याकाळी पुन्हा घेतो, त्याच्याशी मला बोलायचं आहे.

दादा, एकट्याने सोडायचा हट्ट धरू नका.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे लोक ज्याला 'एए' म्हणतात, ती चळवळ १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात सुरू झाली. धंद्याच्या कामाला आलेला एक माणूस, काम फसलेलं, काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेली, आणि हॉटेलातला बार समोर. त्याने बारकडे न जाता फोन फिरवले आणि आपल्यासारखाच दुसरा पिणारा शोधून काढला. तो एक डॉक्टर निघाला. दोघं तासन्‌तास बोलले. एएचं मूळ एवढंच आहे. आजही दारू सोडण्यासाठी दोन माणसं एकत्र बसली, तर त्याला मीटिंग म्हणता येतं. म्हणून "आमच्या गावात कुठे आहे मीटिंग?" या प्रश्नाला माझं उत्तर असं, की आधी दुसरीकडे जाऊन मीटिंग कशी चालते ते शिका, मग गावात आणा.

आपल्या भागातलं जवळजवळ प्रत्येक घर मुंबईला जोडलेलं आहे. भाऊ, मेहुणा, मुलगी, कुणीतरी तिथे असतंच. मुंबईत एएच्या पुष्कळ मीटिंगा भरतात, बऱ्याचशा शाळांच्या वर्गांत आणि चर्चच्या खोल्यांत. खोली चर्चची असली तरी धर्माशी संबंध नाही. आठ-पंधरा दिवस नातेवाइकांकडे राहा आणि रोज एका मीटिंगला जा. तिथे ओळखीचं कुणी भेटत नाही, हा पहिल्या वेळी मोठा आधार असतो. वाडीत तर कोण कुठल्या एसटीत चढला हेसुद्धा भावकीला कळतं.

मीटिंगमध्ये फी नाही. मध्ये पिशवी फिरते, जमलं तर टाका. माणसं पहिल्या नावाने ओळख देतात आणि आपापली हकिगत सांगतात. तिला 'शेअरिंग' म्हणतात. मध्येच कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही. तुम्हाला बोलायचं नसेल तर गप्प बसून ऐका. आत जायला एकच अट आहे, पिणं थांबवायची इच्छा. पहिली मीटिंग कंटाळवाणी वाटेल, "मी यांच्याइतका गेलेला नाही" असंही वाटेल. तरी दुसरीला जा.

एक गोष्ट मात्र जपून करा. सकाळी हात थरथरतात, घोट घेतल्याशिवाय थांबत नाहीत, अशी स्थिती असेल तर एकदम बंद करू नका. झटके येतात, भास होतात, दोन-तीन दिवसांत जिवावर बेततं. आधी डॉक्टर गाठा आणि किती घेता ते खरं सांगा. मीटिंग औषधाची जागा घेत नाही.

फोनवरही मदत आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी क्रमांक आणि १४४१६ हा टेली-मानसचा. झोप, भीती, दरडीच्या आठवणी याबद्दल टेली-मानसला जरूर बोला, कारण पिण्याच्या मुळाशी पुष्कळदा तेही असतं. दाखल व्हायची वेळ आली तर पुण्याला मुक्तांगण आहे, १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने उभं केलेलं.

वहिनींनाही सांगतो. नवऱ्याने दारू सोडायची वाट पाहत तुम्ही झिजू नका. मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे, एएच्या सोबतीने घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. तुमचे यजमान येवोत न येवोत, तुम्ही जा. बाटली लपवणं, त्यांच्या मुकादमाला खोटं सांगणं, उधारी फेडत राहणं, यातून बाहेर कसं यायचं ते तिथल्या बायकांकडून कळतं.

मुंबईहून परतलात की दुसरा माणूस शोधा. तो असतोच, आणि तुम्ही सोडलीत हे कळल्यावर बहुतेक तोच अंधार पडल्यावर विचारायला येतो. शाळेची खोली किंवा कुणाची पडवी, आठवड्यातला ठरलेला वार, एक तास. पंचायतीत जाहीर करायची गरज नाही. शिमग्याला आणि गणपतीत मात्र रोज बसा. त्या दिवसांत "एवढी एक घे, देवाची आहे" म्हणणारे घराघरांत भेटतात, आणि सोडलेले बरेच जण तिथेच घसरतात. घसरलात तर पुढच्या ठरलेल्या वाराला येऊन तेच सांगा.