वीतराग चेहरा आणि आपला मोबाइल



सुट्टीत मुलांना घेऊन संग्रहालय बघायला जाणाऱ्या आपल्या बायका आता पुष्कळ झाल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट. लातूरहून तेर जवळच आहे. मुंबईला जायचं तर नांदेडहून देवगिरी, लातूरहून लातूर एक्स्प्रेस. सीएसएमटीला उतरलं की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय फार लांब नाही. परतल्यावर ग्रुपवर भराभर फोटो येतात. त्या फोटोंबद्दलच आज लिहायचं आहे.

नाचणाऱ्या, हसणाऱ्या, आरशात बघणाऱ्या मूर्तींचे दहा-दहा फोटो असतात. तीर्थंकरांचा मात्र एकच, तोही त्यांच्याकडे पाठ करून काढलेला सेल्फी. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "भगवान सगळे सारखेच दिसतात, चेहऱ्यावर काही भाव नसतो."

मला हे पटत नाही. भाव नसणं वेगळं आणि भाव शांत होणं वेगळं. होट्टलच्या मंदिरावरची सुरसुंदरी एका नजरेत कळते, कारण तिचा भाव आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. वीतरागतेची आपल्याला सवय नाही, म्हणून तिथे थोडं थांबावं लागतं. मोबाइल मात्र थांबू देत नाही.

वेरूळच्या जैन लेण्यांत पार्श्वनाथांवरचा उपसर्ग कोरलेला आहे. कमठ आणि त्याचे साथीदार चहूबाजूंनी तुटून पडले आहेत. एकेकाच्या चेहऱ्यावर राग आहे, आवेश आहे. डोक्यावर नागफण्यांचं छत्र आहे आणि मधोमध भगवान स्थिर उभे आहेत. नुसत्या कमठाचा फोटो काढला तर तो राक्षसाचा फोटो होतो. नुसत्या भगवंतांचा काढला तर मुलं म्हणणार, "भाव कुठंय?" पूर्ण शिल्प एका चौकटीत घेतलं की शिल्पकाराला काय सांगायचं होतं ते पोरांनाही कळतं. एवढ्या गोंधळातही जो ढळला नाही, त्याचा हा चेहरा आहे.

मुंबईच्या संग्रहालयातली बाहुबलींची कांस्यमूर्ती अशीच. ती मूळची श्रवणबेळगोळची. तिथल्या 57 फुटी गोमटेश्वराची प्रतिष्ठापना 981 सालची मानतात. ही त्याहून जुनी आणि उंचीला दोन फुटांच्याही आतली. फोटोत दोन्ही सारख्याच मोठ्या दिसतात! म्हणून एक फोटो जरा लांबून, काचपेटीसह घ्यावा. मग जवळून बघा. अंगावर वेली चढल्या आहेत, केसांच्या बटा खांद्यांवर उतरल्या आहेत आणि चेहऱ्यावर कसलीही तक्रार नाही. वेरूळला तर बाहुबलींच्या दोन्ही बाजूंना वेली दूर करणाऱ्या स्त्रिया आहेत. कुणी त्यांना विद्याधरी म्हणतं, कुणी ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी. मुलींना हे नक्की दाखवा.

काही ज्येष्ठ म्हणतात, भगवंतांचा फोटोच काढू नये. काही तरुण मुली म्हणतात, संग्रहालय म्हणजे काही जिनालय नव्हे, तिथे कसंही उभं राहिलं तरी चालतं. मला दोन्ही टोकं मान्य नाहीत. तिथे अभिषेक-पूजा होत नाही हे खरं, पण ज्या हातांनी ती मूर्ती घडवली त्यांनी ती दर्शनासाठीच घडवली होती. आणि फोटो जपून ठेवण्याचंही मोल आहे. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयात सापडला, तेव्हा पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडचा जुना फोटो पुरावा म्हणून उपयोगी पडला आणि 2014 मध्ये मूर्ती भारतात परत आली.

तेव्हा फोटो जरूर काढा, पण आधी दोन मिनिटं मोबाइल पर्समध्ये राहू द्या. नासाग्र दृष्टी बघा, ओठ बघा, आसनावरचं लांछन शोधा. हे कोणते भगवान, ते मुलांना ओळखू द्या. फोटोला परवानगी आहे का ते दारातच विचारा. फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशच्या झोतात चेहरा सपाट दिसतो. बाजूने येणाऱ्या उजेडात मात्र डोळ्यांची, ओठांची कड उठून दिसते. काच असेल तर जरा तिरकं उभं राहा, म्हणजे आपलंच प्रतिबिंब येत नाही. मूर्तीच्या नजरेच्या पातळीला यायला खाली बसावं लागलं तर बसा. शेवटी माहितीच्या पाटीचाही फोटो घ्या. नाहीतर वर्षभराने मूर्ती कोणती आणि कुठली, कुणालाच आठवत नाही.

घरच्यांचा फोटो हवाच असेल तर मूर्तीच्या बाजूला, हात जोडून उभे राहा. पाठ नको.

आपल्या मुलांना रागावलेला, हसलेला, रडलेला चेहरा ओळखायला शिकवावं लागत नाही. त्या मोबाइलमध्ये ते चेहरे दिवसभर त्यांच्यासमोर असतात. शांत चेहरा ओळखायला मात्र आपणच शिकवायला हवं.