घरची दुरुस्ती : गाडीखालचा तेलाचा डाग

एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. घरी जुनी छोटी गाडी आहे आणि यजमानांचा तिच्यावर फार जीव. रविवार आला की बॉनेट उघडून बसतात. इंजिनाचं तेल गळतं म्हणून त्यांनी दोनदा टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, काढून सिलिकॉनचं लुकण भरलं. दोन्ही वेळा चार दिवस बरे गेले आणि पुन्हा अंगणात डाग! “आता तिसरी ट्यूब आणायला निघालेत. दिवाळीला याच गाडीनं माहेरी जायचं ठरलंय. मी काही बोलले तर ‘तुला त्यातलं काय कळतंय’ म्हणतात. खरंच, मला कळण्यासारखं यात काही आहे का?”

आहे, भरपूर आहे. जिला कुकर आणि करंजी कळते तिला हे निम्मं आधीच येतं.

इंजिनाच्या दोन भागांमधून तेल बाहेर येऊ नये म्हणून मध्ये जी पट्टी बसवतात तिला गॅरेजवाले पॅकिंग किंवा गॅस्केट म्हणतात. कुकरच्या झाकणातली रिंग करते तेच काम ती करते. ॲम्बॅसिडरसारख्या जुन्या गाड्यांत टॅपेट कव्हरखाली ती बुचाची असे. नंतरच्या बहुतेक गाड्यांत रबराची असते. वर्षानुवर्षं उष्णता सोसून ती कडक होते, चिरते. कुकरची रिंग गेली की आपण कणीक लिंपून महिना काढतो का? नवी रिंग आणतो. इथेही तेच. गॅस्केट गेलं असेल तर नवं आणायचं. लुकण त्याची जागा घेत नाही.

आता करंजी. कडेला सारण लागलं असेल तर कितीही दाबा, ती तेलात उकलतेच. तेलकट कडेवर लावलेल्या लुकणाचंही असंच होतं. वर वर चिकटतं आणि इंजिन तापलं की सुटतं. जुन्या लुकणावर नवा थर दिला तरी तोच प्रकार. पत्रातली गळती दोनदा परतली, त्याचं कारण बहुधा यातलंच एखादं असणार.

पण तिसऱ्या ट्यूबला खरा विरोध वेगळ्याच कारणासाठी करायला हवा. झाकण आवळलं की जादा लुकण बाहेर येतं ते आपल्याला दिसतं, पण तेवढंच आतही जातं. आतले तुकडे सुटून तेलाबरोबर खाली चेंबरमध्ये उतरतात. तिथून पंप तेल ओढतो, आणि त्याच्या तोंडाशी जाळीची गाळणी असते. चहाच्या गाळणीत साय अडकावी तसे हे तुकडे त्या जाळीत अडकतात. वर तेल पोचलं नाही की इंजिन जाम होतं. पन्नास-शंभराच्या ट्यूबपायी इंजिन उतरवण्याचा खर्च! म्हणून या वेळी झाकण काढाल तेव्हा आतल्या बाजूला लोंबणारे धागे, गोळे नीट पाहून काढून टाका. आत तुकडे गेल्याची शंका आली तर मेकॅनिककडून चेंबर उतरवून गाळणी साफ करून घ्यावी आणि मगच लांबचा प्रवास करावा.

झाकण उघडण्याआधी गळती नेमकी कुठून आहे ते शोधा. तेल वरून ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे थेंब पडतो एकीकडे आणि उगम असतो भलतीकडे. थंड इंजिन पुसून कोरडं करा आणि संशयाच्या जागी टाल्कम पावडर शिंपडा. दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करा. पावडरीवर ओली रेघ जिथून सुरू होते तिथे उगम. इंजिन चालू असताना पदर, ओढणी, वेणी पट्ट्याच्या जवळसुद्धा जाता कामा नये.

आणखी एक तपासणी फार जण विसरतात. इंजिनाच्या आत साठणारे वायू बाहेर सोडण्यासाठी एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती काजळीने तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल नव्या गॅस्केटमधूनही वाट काढतं. शिट्टी तुंबलेल्या कुकरची रिंग बदलून काय उपयोग? ही नळी काढून साफ करा, मगच पुढचं काम.

आता प्रत्यक्ष कृती. इंजिन पूर्ण थंड हवं. झाकण काढल्यावर उघड्या भागावर स्वच्छ कापड झाका, म्हणजे कचरा आत पडणार नाही. कापड जुन्या सुती साडीचं चालेल. टर्किश टॉवेल नको, त्याचे धागे सुटतात. जुनं लुकण आणि गॅस्केट लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. सुरी नको, कारण ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तीच तेलाची नवी वाट. दोन्ही कडा स्पिरिटने पुसून कोरड्या करा. हे काम उघड्यावर, गॅस आणि देवापुढच्या निरांजनापासून लांब. झाकण पत्र्याचं असेल तर सपाट ओट्यावर उपडं ठेवून पाहा. डुगडुगलं तर कड वाकलेली आहे. ती सरळ केल्याशिवाय कुठलंही गॅस्केट टिकणार नाही.

रबराचं गॅस्केट कोरडंच बसवायचं. लुकण लागतं ते गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जागी, बहुधा कोपऱ्यात किंवा दोन भाग जुळतात तिथे, आणि तेही थेंबभर. काही गाड्यांच्या चेंबरला गॅस्केटच नसतं, तिथे मात्र लुकणाची अखंड बारीक रेघ ओढतात, साधारण ३ मिलिमीटरची. नट आवळताना एकच पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जायचं नाही. सगळे थोडे थोडे, समोरासमोरचे आळीपाळीने. जोर किती लावायचा तेही पुस्तकात असतं. जास्त आवळलं तर पत्रा वाकतो आणि बुचाचं गॅस्केट फाटतं. लुकण लावलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ गाडी चालू करू नये. पुष्कळ प्रकारांना पूर्ण घट्ट व्हायला २४ तास लागतात. शनिवारी संध्याकाळी काम, रविवारी संध्याकाळी किल्ली, असा बेत ठेवा.

हे सगळं टॅपेट कव्हरपुरतं. गळती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून असेल तर ते घरचं काम नव्हे. आणि यजमान नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरत असतील, तर तिथे मात्र भीड न ठेवता आडव्या उभ्या राहा. जॅक घसरतो. गाडीखाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, मुलांनी तर नाहीच.

दिवाळीपर्यंत एक सवय लावून घ्या. दर रविवारी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, तेलाची पट्टी काढून पुसा, परत घालून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं. ते वहीत लिहून ठेवा, दुधाच्या हिशोबाशेजारी. पातळी झपाट्याने उतरत असेल तर प्रवास पुढे ढकला. आणि रस्त्यात तेलाचा लाल दिवा लागला तर ‘पुढच्या पंपावर बघू’ चालणार नाही. तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायला सांगा.

राहिला अंगणातला डाग. ताज्या डागावर लाकडाचा भुसा किंवा राख टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून साबणाच्या पावडरीने ब्रशने घासा. तेलकट भुसा आणि काढलेलं जुनं तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी टाकू नका. तेल डब्यात भरून गॅरेजात द्या. हातात मोजे घाला, वापरलेलं तेल कातडीला पुन्हा पुन्हा लागणं चांगलं नाही.

तेव्हा मैत्रिणी, ट्यूब आणायला निघालेल्या यजमानांना इतकंच विचारा : “अहो, जुनं सगळं खरवडलं का? ब्रीदर पाहिला का?” दोन्हींची उत्तरं ‘हो’ आली तर ट्यूबऐवजी नवं गॅस्केट आणायला सांगा.