पाचव्या दिवसाचे तिकीट

2027 च्या आरंभी ऑस्ट्रेलियाचा संघ पाच कसोटींसाठी भारतात यायचा आहे. आमच्या बल्लारपूरच्या स्टेशनाजवळील टपरीवर निकाल आताच लागला : फिरकीची खेळपट्टी करा, तीन दिवसांत पाहुणे घरी!

जामठ्याला 2023 साली तसे घडले, कबूल; डाव व 132 धावांनी आपण जिंकलो. पण 2024 साली पुण्याला सँटनरने 13 बळी घेतले, मुंबईला एजाज पटेलने 11, आणि न्यूझीलंडने तिन्ही कसोट्या नेल्या. 2025 साली कोलकात्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 124 धावा हव्या होत्या. आपण 93 धावांत आटोपलो. चेंडू भिंगरीसारखा फिरू लागला की त्यांचाही फिरकीवाला वाघ होतो, आणि आपल्या फलंदाजांना हल्ली पाय हलवायचे आठवतच नाही. मालिका ठरेल ती येथे.

"2004 साली नागपूरच्या हिरव्या खेळपट्टीवर 342 धावांनी हरलो, ते विसरलास?" असे सर सुनावतात. विसरलो नाही. पण त्यानंतरच, 2011 साली, खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव विदर्भातून कसोटीत पोहोचला, तोही वेगवान गोलंदाज म्हणून. मी कॉलेजच्या संघात वेगवान टाकतो, तेव्हा माझे मत झुकलेले असेल. पण आम्ही खाणीच्या गावातल्या पोरांनी मग इतक्या लांबून धावत यायचे तरी कशासाठी? जामठ्याला कसोटी झाली तर मी पाचव्या दिवसाचेही तिकीट काढणार.