सौभद्र बसवायचे की वाजवायचे?

येथील आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेत यंदाच्या गणेशोत्सवाचा विषय निघाला, तेव्हा 'संगीत सौभद्र' करावे याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. मतभेद झाला तो त्यापुढे. कार्यकारिणीतील काही वजनदार सभासदांनी अशी सूचना मांडली की, सर्व पदांचे ट्रॅक पुण्याहून तयार करून आणावेत, ज्याला गाता येते त्याने त्यावर गावे, ज्याला येत नाही त्याने नुसते ओठ हलवावेत. पेटीवाला नको, तबलजी नको, दोन-दोन महिन्यांच्या तालमी तर नकोतच. सूचना बहुमताने संमत झाली. विरोधात हात वर करणारे आमच्यासह सातजण. सभेनंतर अल्पोपाहार होता आणि बटाटेवडे थंड होत होते, त्यामुळे आमचे म्हणणे पुरतेपणी मांडण्यास अवसर मिळाला नाही. ते येथे मांडीत आहोत.

आमचे यंत्राशी वैर नाही, हे आधीच सांगून टाकतो. दिल्लीत जन्मलेल्या आमच्या मुलामुलींच्या कानांवर नाट्यपदे पडतात ती ध्वनिमुद्रिकांतूनच. चाल शिकण्यास त्यांच्याइतका सोशिक गुरू मिळणार नाही. एकच आलाप शंभर वेळा विचारला तरी तो चिडत नाही. शिकण्यापुरते यंत्र आम्हाला मान्य आहे. आमची तक्रार आहे ती त्याला रंगमंचावर आणून सूत्रधार करण्याबद्दल.

मराठी संगीत नाटक हे मुळी एका सरकारी नोकराच्या हातून उभे राहिले, ही गोष्ट आपण बदलीवरची माणसे फार लवकर विसरतो. अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी कचेरीत नोकरीस होते. पुण्यात पारशी मंडळीचा 'इंद्रसभे'चा प्रयोग त्यांनी पाहिला आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात 'शाकुंतला'चे पहिले अंक रंगभूमीवर आणले. त्याआधी नाटकांत गाणे नव्हते असे नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून गाणे होतेच. परंतु गात असे मुख्यतः सूत्रधार, आणि पात्रे त्यावर आविर्भाव करीत. किर्लोस्करांनी केले ते एवढेच की, ज्याचे दुःख त्याच्याच मुखी पद दिले. शकुंतलेचे शकुंतलेने गावे, दुष्यंताचे दुष्यंताने. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की तीत काही क्रांती होती हेही ध्यानात येत नाही. आता आमच्या कार्यकारिणीचा ठराव पाहा. आवाज एकीकडे, ओठ दुसरीकडे! म्हणजे किर्लोस्करांना ओलांडून आम्ही मागे १८४३ सालात जाऊन पोचलो. त्यातही भाव्यांचा सूत्रधार निदान हाडामांसाचा होता. पात्र अडखळले तर तो थांबत असे. आमचा सूत्रधार पुण्यात महिनाभर आधी गाऊन मोकळा झालेला असणार.

नाटक 'बसवणे' हा शब्द आपल्या भाषेने किती विचाराने केला आहे, हे ज्याने तालीम पाहिली त्यालाच कळेल. सौभद्रात शंभरावर पदे आहेत. पूर्वी रात्र-रात्र प्रयोग चाले. आता सभागृह तीन-साडेतीन तासांचे मिळते. तेव्हा पहिले काम पदे गाळण्याचे, आणि ते गाण्याच्या गोडीवर करून चालत नाही. कथानक ज्यावाचून लंगडे होते ते पद ठेवावे लागते, मग ते चार ओळींची साकी का असेना. त्यानंतर पट्ट्यांचा प्रश्न. अर्जुन काळी एकमध्ये गाणार, सुभद्रा काळी चारमध्ये. पेटीला त्याचे काही नाही, बोटे सरकली की झाले. परंतु तबला असा सरकत नाही. त्यासाठी तबलजीला दोन-तीन निरनिराळ्या सुरांचे दाये लावून जवळ ठेवावे लागतात आणि अर्जुनाचे भाषण चालू असतानाच, प्रेक्षकांच्या नकळत, हातोडीने पुढच्या सुराची खात्री करून घ्यावी लागते. भाषणाचेही तसेच. पदाआधीचे शेवटचे वाक्य नटाने हळूहळू चढवीत पदाच्या सुरापाशी आणून सोडायचे, आणि त्याच क्षणी पेटीने तो सूर उचलायचा. बोलणे कोठे संपले व गाणे कोठे सुरू झाले हे कळता कामा नये. हे सांधे जुळण्यास आमच्यासारख्या हौशी मंडळींना वीस-पंचवीस तालमी लागतात. ट्रॅकवर काय होते ते आम्ही एका जलशात पाहिले आहे. नटाचे वाक्य संपते, ध्वनिव्यवस्थेवर बसलेला मुलगा कळ दाबतो, आधी चार मात्रांची टकटक, मग दोन आवर्तने बासरी. आणि तोवर बिचारा अर्जुन विरहाने व्याकूळ झालेला चेहरा हातात धरून उभा!

साथ म्हणजे मागे वाजत राहणे नव्हे. बालगंधर्वांच्या साथीला सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा असत. एवढ्या थोर कलावंतांनी नाटक मंडळीत बसून काय केले? गाणाऱ्याचा श्वास पाहिला. कोणत्या रात्री कोणती ओळ तो पुन्हा घेईल हे त्यालाही आधी ठाऊक नसे. प्रेक्षकांनी 'वन्समोअर' दिला की तेच पद दुसऱ्यांदा निराळे होऊन येई. ट्रॅकवर वन्समोअर मिळाला तर कळ पुन्हा दाबायची आणि तेच तंतोतंत पुन्हा ऐकायचे. तो मागण्याची इच्छा कोणास होईल?

विरुद्ध पक्षाचा एक मुद्दा मात्र प्रामाणिक आहे. 'आपण सारी बदलीची माणसे. तालमी रंगात आल्या की कोणाची तरी ऑर्डर येते, मग दोन महिने पाण्यात.' खरे आहे. तीन वर्षांपूर्वी याच मंडळाने 'संशयकल्लोळ' बसवले, तेव्हा आम्ही प्रॉम्प्टर होतो. प्रयोगास अठरा दिवस उरले असता आमच्या अश्विनशेठची गुवाहाटीस बदली झाली. सगळ्यांची तोंडे उतरली. पण तालमीस एक आयकर खात्यातील गृहस्थ रोज येत असत, ते केवळ आपल्या मुलीला पोचवण्यास. ती रेवती करीत होती. कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडून बसायचे. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मला पाठ आहे." नुसती पदे नव्हेत, भाषणेही पाठ होती, आणि फाल्गुनरावाने कोठे चुकून दोन वाक्ये गाळली की काय करायचे, हेही. गळा बेताचाच होता. तबलजीने लय किंचित उतरवली, पेटीने वरचा सूर भरून काढला, प्रयोग झाला. ट्रॅकला तो गळा चालला नसता. तो त्याच्याच लयीने पुढे निघून गेला असता.

आणि त्याच नाटकात भादव्या करणारा मुलगा! जन्म इथलाच, शाळा इथली. घरी आईशी मराठी बोले ती "मी आला" या धर्तीची. पहिल्या आठवड्यात आम्ही त्याला शब्द पुरवीत नव्हतो, क्रियापदे पुरवीत होतो. सहाव्या आठवड्यात तो स्वतःच फाल्गुनरावाची चूक काढू लागला. आम्ही राहतो त्या रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत या वयाच्या मुलाला सलग दोन तास शुद्ध, खेळकर, देवलांचे मराठी ऐकण्याची दुसरी कोणती जागा आहे, ते ठरावाच्या सूचकांनी आम्हाला दाखवावे. तालीम वगळली की हा मुलगा वगळला जातो. त्याचा आवाजही पुण्याहूनच येईल.

'लोक पदेच ऐकायला येतात, गद्य कोणाला हवे?' असाही एक प्रश्न सभेत फेकला गेला. त्यांनी सौभद्रातील यतीचा प्रसंग आठवावा. अर्जुन यतीच्या वेषात बसलेला, खुद्द बलराम भक्तिभावाने त्याच्या नादी लागलेला आणि सेवेला सुभद्रा. हा ढोंगी यती कोण हे आपल्याला ठाऊक आहे, बलरामाला नाही. म्हणूनच तेथील वैराग्याचा प्रत्येक शब्द आपल्याला गुदगुल्या करतो. तेच पद निवेदिकेने 'आता सादर होत आहे' म्हणून सादर केले, तर उरतो एक राग आणि एक ताल. हसू कोठे गेले?

राहिला भव्यतेचा मुद्दा. मोठे प्रयोग आजकाल ध्वनिमुद्रित संगीतावरच होतात, असे सांगताना 'मुघल-ए-आझम'चे नाव घेतले गेले. २०१६ साली मुंबईत आलेला व पुढे येथे दिल्लीतही झालेला तो प्रयोग खरोखर भव्य. पण त्यातील नायिका रंगमंचावर स्वतः गातात, हीच तर त्याची प्रौढी होती! त्यांना जे मिरवावेसे वाटले ते आम्ही टाकून देणार. आणि भव्यता पैशाने येते असे मानणाऱ्यांनी १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात प्रथम झालेले 'घाशीराम कोतवाल' आठवावे. जब्बार पटेलांनी कापडी पडद्याऐवजी माणसांची रांग उभी केली. तीच भिंत, तीच कीर्तनाची साथ, तेच पुण्याचे ब्राह्मण. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांच्या हालचाली त्या रांगेच्या अंगात इतक्या मुरलेल्या, की तिची पाठ फिरली तरी प्रेक्षकाला दरारा वाटे. असल्या रांगेला तालमीवाचून पर्याय नाही.

बदलीचे रडगाणे गाणाऱ्यांसाठी आणखी एकच नाव. 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा खाँसाहेबांच्या भूमिकेत उभे राहिलेल्या वसंतराव देशपांड्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केली होती, आणि नेफापर्यंतची बदलीही त्यांच्या वाट्यास आली होती. आमच्यापैकी कोणी वसंतराव नाही, हे आम्हास पूर्ण ठाऊक आहे. कारकून मात्र आहोत.

ठराव झाला आहे आणि तो मोडण्याचा आमचा विचार नाही. मात्र अध्यक्षांनी एवढी सवलत दिली आहे की, पहिला अंक आम्ही पेटी-तबल्यावर बसवून कार्यकारिणीपुढे करून दाखवावा. पसंत पडला तर ठरावाचा फेरविचार होईल. वसाहतीतील समाजसदनाची खोली शनिवारी सायंकाळी सहा ते नऊ मिळाली आहे. पेटी आहे. सुभद्रेच्या पट्टीचा तबला आहे, काळी एकचा दाया हवा आहे. अर्जुनाला सुभद्रेच्या लग्नाची बातमी सांगायला नारद लागतो आणि आमचा नारद गेल्या सोमवारी चेन्नईस रुजू झाला. गळा बेताचा असला तरी चालेल. येताना चहाचा पेला घरून आणावा.