भाऊ, बँड आणि न लिहिलेला कागद

'बंधुभाव' हा शब्द आपण भाषणात वापरतो आणि 'भाऊबंदकी' हा कोर्टात. दोन्हींत भाऊच आहे, पण एकाला हार घालतात आणि दुसऱ्याला तारखा देतात. खाडिलकरांनी 1909 मध्ये 'भाऊबंदकी' नावाचे नाटक लिहिले ते पेशव्यांच्या घरातल्या कलहावर. तुमच्या-आमच्या घरांतली भाऊबंदकी एवढी ऐतिहासिक नसते. ती बांधावरून होते, विहिरीच्या पाळीवरून होते, नाहीतर आईच्या पाटल्यांवरून होते. या साऱ्या वस्तू मोजता येतात. सरकारी मोजणी होते, दगड रोवला जातो, सोनार तराजू काढतो, आणि भांडण विझले नाही तरी निदान आटोक्यात येते.

पण भावाभावांत जे मोजता येत नाही त्याची वाटणी कशी करायची? थोरल्याने धाकट्यासाठी सोडलेली जागा किती तोळ्यांची? धाकट्याच्या अंगातल्या गुणावर थोरल्याचा हक्क किती आणे? या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत बोलके उदाहरण आपल्याकडचे नाही, कॅलिफोर्नियातले आहे. शाळकरी मुलांनी काढलेल्या एका बँडचे आणि त्यातल्या दोन भावांचे.

ज्यांनी सत्तरच्या दशकात कॉलेज केले आणि मुंबईत आल्यावर ऱ्हिदम हाऊसच्या पायऱ्या चढल्या, त्यांना 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' हे नाव सांगावे लागणार नाही. ऱ्हिदम हाऊस 2016 मध्ये बंद झाले, पण त्या बँडची गाणी अजून वाजतात. व्हिएतनाम युद्धावरच्या इंग्रजी चित्रपटांत ती हटकून ऐकू येतात. 1969 या एका वर्षात या मंडळींनी तीन लाँगप्ले रेकॉर्ड काढल्या. अमेरिकेच्या गाण्यांच्या मुख्य यादीत त्यांची पाच गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, पहिल्यावर एकही पोचले नाही. शाळेत कायम दुसरा येणारा हुशार मुलगा आठवावा, तसे.

सुरुवात झाली 1959 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एल सेरिटो या गावात. जॉन फोगर्टी, डग क्लिफर्ड आणि स्टू कुक ही शाळेतली तीन मुले, वय चौदाच्या आसपास. बँडचे नाव 'ब्लू व्हेल्वेट्स'. जॉनच्या घरी पाच भाऊ. त्यांतला टॉम हा जॉनपेक्षा साडेतीन वर्षांनी मोठा. तो आधीपासून गात होता. या तीन पोरांना त्याने आपल्या मागे वाजवायला घेतले. पहिल्या रेकॉर्डवर नाव छापून आले ते टॉमचे, आणि मागे 'ब्लू व्हेल्वेट्स'. घरातल्या क्रमाप्रमाणे सगळे यथास्थित होते. थोरला पुढे, धाकटा मागे.

1964 मध्ये 'फँटसी रेकॉर्ड्स' या कंपनीने त्यांना घेतले आणि त्यांचे नाव परस्पर बदलून 'गॉलिवॉग्ज' करून टाकले. पण नावापेक्षा मोठा बदल बँडच्या आत होत होता. जॉनचा आवाज फुटला आणि त्यातून असा काही खरखरीत, भेदक सूर निघाला की मुख्य गायक कोण असावा याची चर्चा करण्याची गरजच उरली नाही. गाणी तो लिहू लागला, चाली तोच बांधू लागला, गिटारही तोच पुढे होऊन वाजवू लागला. टॉम बाजूला सरला आणि साथीची गिटार धरून उभा राहिला. आपल्याला गाता येते, पण जॉनजवळ जो आवाज आहे तो आपल्याजवळ नाही, हे त्याने मोकळेपणाने मान्य केले होते.

या ठिकाणी जरा थांबायला हवे, कारण पुढच्या सगळ्या कडूपणाचे बी इथे पडले आहे असे मला वाटते. थोरल्या भावाने स्वतःची खुर्ची धाकट्याला देणे ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे धाकट्याच्या शिक्षणासाठी थोरल्याने मॅट्रिकनंतर नोकरी धरली अशी घरे गल्लोगल्ली होती. त्या थोरल्यांना पैसे परत नको असतात. त्यांना एवढेच हवे असते की चारचौघांत कोणीतरी म्हणावे, 'याच्यामुळे तो झाला.' हे वाक्य वेळेवर उच्चारले गेले तर आयुष्य निघते. उच्चारले गेले नाही, तर त्याच त्यागाचा हिशेब रोज रात्री मनात लिहिला जातो, आणि मनातल्या खतावणीत व्याज चक्रवाढ लागते.

1967 मध्ये फँटसी कंपनी सॉल झेंट्झ आणि त्यांच्या भागीदारांनी विकत घेतली. बँडचे नाव पुन्हा बदलले, नवा करार झाला. चार तरुणांनी तो सही करून दिला. त्या कराराने रेकॉर्डिंगही कंपनीची झाली आणि गाण्यांचे हक्कही कंपनीचे झाले. यश आले ते धो धो आले. वुडस्टॉकला ते गायले, जगभर पोचले. आणि जेवढे यश वाढले तेवढा जॉनचा शब्द शेवटचा होत गेला. गाणे त्याचे, चाल त्याची, बँडचा कारभारही त्याच्याच हाती. 1971 च्या सुरुवातीला टॉम बाहेर पडला. 1972 मध्ये उरलेल्या तिघांनीही दुकान बंद केले.

आता बँकेच्या माणसाला झोप येणार नाही असा भाग. कर वाचवण्यासाठी सल्लागारांनी या चौघांचे पैसे बहामा बेटांवरच्या 'कॅसल बँक अँड ट्रस्ट' या बँकेच्या योजनेत घालायला लावले. 1977 मध्ये ती बँक बुडाली आणि त्यांची आयुष्याची बचत तिच्याबरोबर गेली. ज्या वयात आपल्याकडची मुले पहिली रिकरिंग ठेव उघडतात, त्या वयात यांनी परदेशातल्या बँकेवर भरवसा टाकला होता. जास्त व्याज आणि कमी कर ही दोन आश्वासने एकाच तोंडातून आली की आपले पाकीट आधी चाचपून पाहावे, हे नियमावलीत लिहिलेले नसले तरी काउंटरच्या आत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

करारातून सुटण्यासाठी जॉनने पुढे जुन्या रेकॉर्डवरच्या रॉयल्टीवर पाणी सोडले. स्वतःची गाणी गाणेही त्याने सोडले, कारण प्रत्येक गाण्यामागे पैसे झेंट्झकडे जाणार होते. 1985 मध्ये कंपनीने त्याच्यावर दावा लावला की त्याचे नवे गाणे त्याच्याच 1970 च्या गाण्याची नक्कल आहे. जुन्या गाण्याची मालकी कंपनीची, म्हणून हा माणूस स्वतःचाच चोर! 1988 मध्ये तो साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला आणि एकाच माणसाची दोन गाणी सारखी का वाटतात ते ज्यूरीला वाजवून दाखवले. निकाल त्याच्या बाजूने लागला. वकिलांच्या खर्चाचा वाद थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1994 मध्ये तिथेही त्याचे म्हणणे मान्य झाले.

या लढाईत थोरला भाऊ कुठे होता? तो झेंट्झच्या बाजूला होता. टॉमच्या स्वतंत्र रेकॉर्ड त्याच कंपनीने काढल्या होत्या आणि मालकाशी त्याचे सख्य टिकले होते. जॉनला सर्वांत खोल जखम झाली ती याची. परक्याने फसवले तर माणूस वकील गाठतो. सख्ख्या भावाने परक्याची बाजू घेतली तर कुठल्या कोर्टात जायचे?

तरीही टॉमला खलनायक करून मोकळे होणे मला पटत नाही. भावाशी बिनसले की माणूस आधी साक्षीदार शोधतो. 'तूही काही कमी नव्हतास' असे म्हणणारा कोणीतरी त्याला हवा असतो. घरातला तसे म्हणत नसेल तर तो बाहेरचा शोधतो, आणि बाहेरचा माणूस हे वाक्य फुकट म्हणत नाही. वाटणीच्या खटल्यांत थोरल्याच्या मागे एखादा मेहुणा किंवा एखादा व्यापारी उभा दिसतो ना, त्याचा धंदा याच वाक्यावर चालतो.

1980 मध्ये टॉमच्या लग्नात हे चौघे पुन्हा एकदा एकत्र वाजवले. जखमा भरतील असे वाटण्याजोगा तो दिवस होता, पण तो तेवढाच राहिला. पाठीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून टॉमला एचआयव्हीची बाधा झाली, पुढे क्षय झाला, आणि सप्टेंबर 1990 मध्ये वयाच्या 48 व्या वर्षी तो गेला. दोघांत समेट झालेला नव्हता. भावाला क्षमा केल्याचे जॉनने पुढे सांगितले, पण ऐकायला टॉम नव्हता. 2023 मध्ये, वयाच्या 77 व्या वर्षी, जॉनने आपल्या गाण्यांचे बहुतांश हक्क परत मिळवले. गाणी घरी आली, भाऊ आला नाही.

हे एकाच घरात घडले असेही नाही. एव्हर्ली बंधूंचे दोन आवाज एकाच गळ्यातून आल्यासारखे जुळत, पण 1973 मध्ये ते भर रंगमंचावर फुटले आणि पुन्हा एकत्र गायला दहा वर्षे लागली. इंग्लंडच्या 'ओएसिस' या बँडमधले गॅलघर बंधू 2009 मध्ये पॅरिसमध्ये वेगळे झाले ते 2025 मध्येच पुन्हा एका व्यासपीठावर आले. यावरून 'म्हणून म्हणतो, पोरांना या नादाला लावू नका' असा निष्कर्ष काढणारे काका प्रत्येक घरात असतात. तो निष्कर्ष चुकीचा आहे. किराणा दुकानात, दवाखान्यात, वकिलीच्या फर्ममध्ये भाऊ असेच फुटतात. तिथे फक्त लाऊडस्पीकर नसतो.

मग काय करावे? आजकाल आपल्या सोसायट्यांमध्येही एखाद्या खोलीत ड्रम वाजू लागतात आणि सेक्रेटरीचे पत्र येते. त्या पत्राला उत्तर द्याच, पण त्याबरोबर मुलांना आणखी एक कागद करायला सांगा. आपल्या कायद्यात गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे असतात, आणि शब्द-चालीचा हक्क कर्त्याच्या हयातीनंतर 60 वर्षे टिकतो. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळे ठरवले नसेल तर भागीदारांचा नफा सारखा वाटला जातो, मग एकाने रात्रंदिवस राबून गाणी लिहिलेली असोत वा नसोत. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार तर आपल्याकडे करारच धरला जात नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला चांगले संरक्षण मिळाले आहे. पण कर्ता कोण हे आधी ठरलेले असावे लागते. वहीच्या एका पानावर कोणी शब्द लिहिले, कोणी चाल बांधली, गिटार कोणाच्या पैशाने आली आणि एखादा बाहेर पडला तर नाव कोणाकडे राहील, एवढे तारीख घालून लिहिले तरी पुष्कळ झाले.

'भावाभावांत कागद कशाला, विश्वास नाही का?' हा आपला ठरलेला आक्षेप. नवरा-बायको 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खाते उघडतात, ठेवीवर वारस नेमतात, तेव्हा कोणी त्यांना हा प्रश्न विचारत नाही. फोगर्टी बंधूंनी आयुष्यातला सर्वांत मोठा कागद परक्या माणसाबरोबर केला आणि आपसांत मात्र सगळे गृहीत धरले. खरे तर उलट हवे होते.

अर्थात कागदाने अर्धेच काम होते. हिस्सा कागदावर लिहिता येतो, मान लिहिता येत नाही. 'अजय-अतुल' या नावात धाकटा आधी आणि थोरला नंतर येतो, आणि मधल्या त्या छोट्याशा रेघेला दोघांपैकी कोणाला वेगळे काढता येत नाही. प्रत्येक भावंडांना अशी रेघ सापडेलच असे नाही. पण ज्याच्यासाठी थोरला बाजूला सरला त्या धाकट्याने, टाळ्या चालू असताना, एकदा मागे वळून त्याचे नाव घ्यायला काही लागत नाही. कोर्टाला हा हक्क देता येत नाही, बँकेला तो तारण ठेवता येत नाही. तो भावानेच द्यावा लागतो, आणि ऐकणारा हयात असेपर्यंतच द्यावा लागतो.