न फोडता पारख

उन्हाळा लागला की काळेवाडीत रस्त्याच्या कडेला माठ विकायला येतात. घेणारी गृहिणी माठ उचलते, बोटाने वाजवते आणि क्षणभर कान देते. खणखणीत नाद आला तर माठ पक्का. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा. माठ न फोडताच त्याच्या अंगातला दोष कळतो.

ताऱ्यांची पारखही याच रीतीने होते. ताऱ्याच्या वरच्या थरांत तप्त वायू सतत उसळत असतो. त्या खळबळीतून ध्वनिलहरी उठतात, आत शिरतात, वळून पुन्हा पृष्ठभागाशी येतात, आणि सारा तारा घंटेसारखा थरथरतो. तो नाद पोकळीतून कानी येत नाही. मात्र ताऱ्याचे तेज किंचित कमीजास्त होते आणि ते दुर्बिणीला टिपता येते. सूर्याचे असे सुमारे ५ मिनिटांचे स्पंदन रॉबर्ट लेटन यांनी १९६० च्या सुमारास ओळखले.

या नादात ताऱ्याचे वयही दडलेले असते. गाभ्यातील हायड्रोजनचे हेलियम होत जाते, तसा तेथील ध्वनीचा वेग बदलतो आणि सुरांमधील अंतरही बदलते. केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून केप्लर-४४४ या ताऱ्याचे वय ११.२ अब्ज वर्षे असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. आपला सूर्य जन्मला, तेव्हाच तो साडेसहा अब्ज वर्षांचा होता आणि पाच लहान ग्रह त्याच्याभोवती फिरत होते.

स्पंदनांच्या या विद्येची खरी कसोटी लागली ती सूर्याच्या एका न जुळणाऱ्या हिशेबात. रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतील एका खोल खाणीत सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो मोजले. आवक अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश भरली. साहजिकच पहिला संशय पेढीवरच गेला: सूर्याच्या गाभ्याविषयीचे गणितच चुकले असावे.

जगभरच्या अभ्यासकांनी सूर्याचा नाद लावून ती पेढी तपासली. त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया होते. पुणे विद्यापीठात एम.एस्सी. केलेल्या सर्बानी बसू यांनी अंतिया यांच्यासह सूर्याचा उसळता थर किती खोल आहे, हे काटेकोर मोजले: त्रिज्येच्या सुमारे २९ टक्के. गाभ्यापर्यंत ध्वनीचा वेग गणिताशी इतका जुळला की पेढीत खोट काढायला जागाच उरली नाही. मग शोध वाटेकडे वळला. २००१-०२ मध्ये कॅनडातील सडबरी येथील प्रयोगाने उलगडा केला: न्यूट्रिनो वाटेत आपले रूप बदलतात, आणि डेव्हिस यांचे उपकरण त्यांचे एकच रूप ओळखत होते.

सूर्याने माल पुरता पाठवला होता. तूट होती ती मोजणाऱ्याच्या मापात.