कुत्र्याचे नाव छापले, शिपायाचे कोठे आहे?

आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत एक लहानशी दगडी पाटी बसविलेली आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गावातून इतके पुरुष गेले व त्यांपैकी इतके प्राणास मुकले, एवढाच मजकूर तीवर आहे. सातारा-रत्नागिरीकडे अशा पाट्या गावोगाव आहेत. इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांस ती पाटी दाखविण्यास नेले, तेव्हा चौथीतल्या एका पोरीने विचारले, "गुरुजी, आकडा हाय, पण नावं कुठं हायती?" वीस वर्षे मास्तरकी करून या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते मिळावे म्हणून त्या लढाईवरची पुस्तके आम्ही मिळविली. त्यांत नावे तर नाहीतच. उलट आमच्याच माणसांच्या माथी मारलेला एक ठपका मात्र सापडला. त्याचा जबाब देणे आम्हास भाग आहे.

ती लढाई मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची. अबादानचा तेलाचा कारखाना व इराणी आखातातला आपला दरारा राखावा म्हणून इंग्रजांनी १९१४ च्या नोव्हेंबरात तेथे फौज उतरविली. पुढे बसऱ्याहून बगदादपर्यंत हाव वाढत गेली. या फौजेचे नावच मुळी 'पुणे डिव्हिजन' असे होते. तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या, खडकीच्या सफरमैना कंपन्या होत्या, पंजाबी, रजपूत असे इतर पुष्कळ होते. सेनापती होता टाउनशेंड. १९१५ च्या नोव्हेंबरात बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे तुर्कांशी गाठ पडून निम्म्याहून अधिक लढणारे मेले वा जखमी झाले. उरलेले मागे हटत तैग्रीस नदीच्या वळणावरील कूट या गावी आले आणि तेथे कोंडले गेले. १४७ दिवस वेढा सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या स्वाधीन झाली.

आता ठपका ऐका. हिंदी शिपायाने घोड्याचे मांस खाण्याचे नाकारले, म्हणून शिधा लवकर संपला, म्हणून कूट पडले! टाउनशेंड साहेबाने १९२० मध्ये आपल्या मोहिमेचे पुस्तक छापले, त्यात हिंदी पलटणींविषयी हाच कुरकुरीचा सूर आहे, आणि मागून लिहिणाऱ्या कित्येकांनी तीच री ओढली. नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात ते हेच.

आपण शेतकरी माणसे. कणगीत दाणा किती आणि घरात तोंडे किती, हा हिशेब आपल्या घरची म्हातारीसुद्धा पावसाळ्यापूर्वी करते. या सेनापतीने तो केला नाही. वेढा पडताच, आपल्याजवळ महिना-दोन महिने पुरेल इतकाच दाणा आहे, असे त्याने कळविले. त्याचे दूत आणि तारा ऐकून सोडवणुकीस निघालेल्या फौजेने घाई केली. तोफा अपुऱ्या, दवाखाने अपुरे, आणि वर पाऊस. २१ जानेवारी १९१६ रोजी हन्ना येथे चिखलात, उघड्या मैदानावर, त्या फौजेला तुर्की खंदकांवर घातले गेले. एका दिवसात अडीच हजारांवर माणसे पडली. जखमी रात्रभर थंडीपावसात चिखलात पडून राहिले. आणि त्यानंतर चारच दिवसांनी टाउनशेंडची तार आली की, गावातली घरे धुंडाळली, धान्य सापडले, आता घोडे धरून ८४ दिवस निभाव लागेल! हा झाडा डिसेंबरात घेतला असता तर ती घाई कशाला झाली असती? कूट सोडविण्याच्या खटपटीत एकंदर सुमारे २३ हजार माणसे जखमी वा ठार झाली. ज्याने कणगीत हात घालून पाहिले नाही, तो उपाशी माणसाला म्हणतो, तू खाल्ले नाहीस म्हणून घर बुडाले!

घोड्याच्या मांसाची गोष्ट आम्ही झाकून ठेवीत नाही. हिंदी शिपायांनी फार दिवस ते नाकारले हे खरे आहे. तिकडे पिठाचा शिधा एप्रिलात दिवसाला पाच औंसांवर आला, म्हणजे फार तर दीड भाकरीचे पीठ. हिरव्या भाज्या नाहीत, हिरड्या सुजलेल्या, अंगात उभे राहण्याचे त्राण नाही, तरी ते खंदकात उभे होते. मग खाल्ले का नाही? घोडा खाल्ला हे गावी कळले तर जात वाळीत टाकील, आपल्या मुली कोणी करणार नाही, ही भीती त्यांनी स्वतः सांगितली आहे. हिंदुस्थानातून धर्मपुढाऱ्यांच्या परवानगीच्या तारा मागविल्या, तरी ती भीती जाईना. शेवटी एप्रिलात पुष्कळांनी खाल्ले, पण तोवर शरीरे मोडली होती.

येथे आम्ही इंग्रजाला सोडून आपल्याच घराकडे वळतो. ज्या माणसाला तोफेचे भय वाटले नाही, त्याला गावच्या पंचांचे भय वाटले. हजारो कोसांवर, मरणाच्या दारात, त्याच्या तोंडातला घास धरून ठेवणारा हात तुर्काचा नव्हता व इंग्रजाचाही नव्हता. तो आपल्या सोवळ्या-ओवळ्याचा होता. तो हात ज्यांनी बळकट केला त्यांत भटजी होते तसे आपले पाटील-पंचही होते. सेनापतीच्या चुकीचे खापर शिपायाच्या पोटावर फोडणारी पुस्तके खोटी आहेत. पण आपल्या पोटावर जातीचा ताळा कोणी घातला होता हे न विचारणारे आपणही खोटेच.

शरण गेल्यावर काय झाले ते पाहा. सेनापतीला तुर्कांनी मानाने इस्तंबूलकडे नेले आणि समुद्रातल्या बेटावर बंगल्यात ठेविले. कैदेत असतानाच, १९१७ मध्ये, त्याला 'सर' ही पदवी मिळाली. त्याचा एक कुत्रा होता, स्पॉट नावाचा. शत्रूची परवानगी काढून तो विलायतेस परत पाठविण्यात आला. हे त्या मोहिमेवरच्या पुस्तकांत नावानिशी नोंदलेले आहे. शिपायांना मात्र वाळवंटातून उन्हात चालविले. बगदाद, मोसूल, पुढे रास-अल-ऐन. अनवाणी, आजारी, चाबकाखाली. वाचले त्यांना रेल्वेच्या कामावर जुंपले. गोऱ्या शिपायांपैकीही निम्म्याहून अधिक त्या कैदेत मेले. त्यांचे दुःख आम्ही हलके लेखीत नाही. गरिबाची हाडे सगळीकडे सारखीच मोडतात. पण गोऱ्या शिपायाचे नाव निदान दगडावर कोरले गेले. आमच्या माणसाचे तेही नाही.

आणि शिपाई तरी निदान शिपाई म्हणून मोजला गेला. हिंदुस्थानातून त्या मोहिमेवर साडेपाच लाखांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांतली जवळजवळ निम्मी बंदूक न धरणारी होती. खेचरवाले, डोलीवाले, पखालवाले, लोहार, सुतार, चांभार, परीट, आचारी, झाडूवाले, हमाल. तुरुंगातून सोडवून नेलेले कैदीसुद्धा. घोड्याला नाल कोणी ठोकली? बुटाला टाच कोणी मारली? बसऱ्याचे धक्के आणि सडका कोणी बांधल्या? तोफेखालून जखमी कोणी उचलले? त्या माणसांना पगार कमी, पेन्शन कमी, आणि पुस्तकांत एकच शब्द: 'फॉलोअर', म्हणजे मागून येणारे! फौज ज्यांच्या खांद्यावर पुढे गेली ते मागून येणारे झाले. महार बंधूंची तर याहून वेगळी तऱ्हा. १८९० नंतर 'लढाऊ जाती'चे खूळ काढून त्यांची पलटणीतली भरती बंद केली. १९१७ मध्ये माणसांची टंचाई पडताच १११ वी महार पलटण उभी केली. काम सरताच १९२१ मध्ये ती मोडून टाकली. गरजेपुरता मान देणारे सरकार आणि बलुत्यापुरता मान देणारा गाव, यांत आम्हास फारसा फरक दिसत नाही.

बसऱ्यास १९२९ मध्ये या मोहिमेत नाहीशा झालेल्यांचे स्मारक उघडले. त्यावर ४० हजारांहून अधिक माणसांची आठवण आहे. गोऱ्या फौजेचा साधा शिपाईदेखील नावाने आहे. हिंदी पलटणींचे अंमलदार नावाने आहेत, आणि त्यांच्याखाली 'व इतके हिंदी शिपाई' असा आकडा. म्हणजे आमच्या चावडीवरची पाटी तीच बसऱ्याचीही! १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते स्मारक शहराबाहेर सुमारे ३२ किलोमीटरवर हलविले गेले. २०२१ मध्ये युद्धस्मशाने सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल मंडळाने स्वतःच चौकशी करून कबूल केले व माफी मागितली: हिंदी, आफ्रिकी, इजिप्ती अशा ४५ ते ५४ हजार मृतांची आठवण गोऱ्यांहून कमी दर्जाने राखली गेली, आणखी निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांची नावानिशी किंवा मुळीच आठवण राखलेली नाही. शंभर वर्षांनी का होईना, चूक कबूल झाली. परंतु माफीनाम्यात नावे नसतात. ती शोधावी लागतात.

कोणी शहाणे आम्हास म्हणतील, "अहो मास्तर, हे लोक इंग्रजाच्या पगारासाठी परक्याच्या देशावर चालून गेले. त्यांचे पोवाडे कशाला?" आम्ही पोवाडा गात नाहीच. इराकच्या शेतकऱ्याने आपले काही वाकडे केले नव्हते. वेढ्यात कूट गावचे सुमारे सहा हजार रहिवासीही उपाशी मेले-जगले, आणि त्यांचीही नावे कोणत्या पुस्तकात नाहीत. परंतु आमचा आजा भरती झाला तो साम्राज्याच्या प्रेमाने नव्हे. शेतसारा, सावकार आणि दुष्काळ यांनी त्याला घराबाहेर लोटले. त्याचे जाणे चुकीचे होते असे ठरवावयाचे असले तरी तो कोण होता हे आधी लिहून ठेविले पाहिजे. ज्याचे नावच नाही त्याचा ना गौरव होतो, ना न्याय.

इतर प्रांतांकडे पाहा. बंगालचे कल्याणकुमार मुखर्जी हे डॉक्टर या मोहिमेत पकडले जाऊन कैदेत वारले. त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, ऐंशीच्या घरात असता बंगालीत त्यांचे चरित्र लिहून १९२८ मध्ये छापिले. शिशिर सर्वाधिकारी हे कूटला पकडलेले रुग्णपथकातले तरुण. त्यांनी कैदेत डायरीची पाने फाडून बुटात लपविली, आणि १९५७ मध्ये त्यांचे 'अभि ले बगदाद' हे पुस्तक निघाले. लिहिता येणाऱ्यांनी लिहून ठेविले, म्हणून ते उरले. मराठा पलटणीच्या त्या शिपायांपैकी बहुतेकांस सही येत नव्हती. ते अंगठा उठवून गेले आणि अंगठ्याएवढीच खूण ठेवून मेले. अक्षर हाती नसले म्हणजे काय होते, हे समजावून सांगण्यास आम्हास यापेक्षा दुसरा धडा नको.

पण आज आपल्या घरोघर अक्षर आले आहे. मग आता सबब कसली? वाचकहो, माळ्यावरची जुनी ट्रंक उघडा. बिल्ला असेल तर त्याच्या कडेवर नाव, नंबर व पलटण कोरलेली असते, ती उतरून घ्या. पेन्शनचा कागद, आलेले पत्र, म्हातारीच्या तोंडची एखादी ओवी किंवा आठवण, जे असेल ते लिहा. बंदूकवाल्याचे लिहा, तसे पखालवाल्याचे व झाडूवाल्याचेही लिहा. आपल्याच वहीत पुन्हा 'व इतर' असे लिहाल तर इंग्रजाला नावे ठेवण्याचा अधिकार तुम्हास उरणार नाही. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातील तीन लाखांवर भरतीवाल्यांच्या गाववार नोंदी पडून होत्या, त्या शंभर वर्षांनी उजेडात आल्या. आपल्या गावच्या नोंदी कोणी आयत्या आणून देणार नाही. त्या आपणच करावयाच्या आहेत.

आमच्या शाळेने सुरुवात केली आहे. त्या पोरीच्याच हाती वही दिली. पहिल्या आठवड्यात सहा नावे मिळाली. त्यांत एक लोहाराचे आहे आणि एक महाराचे. पाटीवरचा आकडा अजून पुरा व्हावयाचा आहे. तो पुरा झाला म्हणजे चावडीच्या भिंतीवर, त्या पाटीशेजारी, ती नावे मराठीत लिहू. विलायतेच्या कपाटातल्या पुस्तकांत बदल होईल तेव्हा होवो. आमच्या भिंतीवर मात्र तो या दिवाळीपूर्वी होईल.